आठ किलोचं सामान

पुंडलिकनगरच्या रामेश्वरनं मोटरसायकलवर नेपाळला जायचं ठरवलं, आणि आठ किलोच्या वर सामान न्यायचं नाही अशी शपथच घेतली. दोन पँटी, तीन बनियन, एक पातेलं. टूथब्रशसुद्धा त्यानं करवतीनं अर्धा कापला. त्याच्या बायकोनं, सुकेशनीनं, कपाळावर हात मारला.

पण गल्लीतला माणूस परदेशी निघालाय म्हटल्यावर गल्ली त्याला अशी कोरडी सोडेल होय? संध्याकाळी दारातच सत्कार झाला. सात शाली, सात नारळ. "शाल पांघरून बर्फात फोटो काढायचा बरं का!" असा प्रत्येकाचा हुकूम. शाली-नारळ घरी ठेवावेत, तर हेच लोक रोज चहाला येऊन ते बघणार.

रामेश्वरनं डोकं चालवलं. सकाळी तो भिकन मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला आणि गाडी झकास केली म्हणून सातही शाली, सातही नारळ त्याला देऊन मोकळा झाला. भिकनचा जन्मात कुणी सत्कार केला नव्हता. त्याचे डोळेच भरून आले.

"भाऊ, आता तुमाला रिकाम्या हातानं जाऊ देईन व्हय मी?" म्हणत त्यानं दोन ट्यूब, चेन, हवेचा पंप आणि पाच लिटरचा ऑइलचा डबा गाडीला करकचून बांधला. वर मानाची एक शाल अन् नारळ.

घरी येऊन रामेश्वरनं काटा लावला. एकवीस किलो! त्यानं पुन्हा लावला, तरी एकवीसच.

सुकेशनीनं आतून करवत आणून त्याच्यापुढं ठेवली.

"टूथब्रश आणखी लहान होतोय का बघा."