काकूंच्या घोट्यावरचा पाला

मी कुंपणापाशी उभी असलेली निर्गुडी बोलतेय. आजवर माझं कौतुकच झालं. आज मात्र मला एक कबुली द्यायची आहे.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला आणलं, तेव्हा मी हातभर काटकी होते.

"जगेल का हो ही?" काकूंनी विचारलं.

"निर्गुडी आहे ती. दगडावरसुद्धा जगेल!" म्हणत काकांनी मला मातीत तिरकं खोचलं, दोन तांबे पाणी ओतलं नि विसरून गेले.

मी जगले. शेळ्या हुंगून पुढे जात, माझा उग्र वास त्यांना सोसत नसे. काका दरवर्षी मला कमरेपर्यंत छाटत आणि मी दुप्पट हट्टानं फुटत असे.

कुणाचा गुडघा धरला, कुणाची मान अवघडली, की अख्खी गल्ली पाला मागायला येई. "आमच्या दारातच डॉक्टर उभा आहे," काका छाती फुगवून सांगत. खरं सांगते, मीही फुगत होते.

मग एकदा काकू न्हाणीघरात घसरल्या. घोटा टम्म सुजला. काकू शिवणकाम करायच्या, त्यांचं पायमशीन दिवसभर धडधडत असायचं.

"अहो, एक्स-रे काढून घेऊ या का?"

"काही नको. मुरगळलाय नुसता. आठ दिवसांत पळायला लागशील."

आठाचे वीस दिवस झाले. काका रोज माझा पाला तोडत, तव्यावर गरम करत, स्वतःच्या हातानं बांधत. मायेत कसूर नव्हती. माझ्या उबेनं दुखणं तेवढ्यापुरतं दबायचं, काकू म्हणायच्या, "आज बरं वाटतंय." तेच वाईट झालं. मी काहीच गुण दिला नसता, तर त्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या असत्या.

शेवटी त्यांची मुलगी आली आणि काकूंना दवाखान्यात घेऊन गेली. हाड मोडलं होतं, आणि आता वाकडंच जुळून आलं होतं. ऑपरेशन झालं, तरी पाय पूर्वीसारखा झाला नाही. पायमशीन सुटलं ते सुटलंच.

एका दुपारी काका कोयता घेऊन माझ्यापुढे आले. एक फांदी तोडली, दुसरी तोडली. काकू काठी टेकत दारात आल्या.

"तिनं सांगितलं होतं का, डॉक्टरकडे जाऊ नका म्हणून?"

काकांचा हात थांबला.

"नाही," ते कसेबसे म्हणाले. "मी सांगितलं होतं."

"मग तिच्यावर कशाला राग काढता?"

काका मटकन खाली मातीतच बसले. काकूंनी त्यांना उठवलं नाही. त्या वळून आत गेल्या.

मी पुन्हा फुटले. फुटताना लाज वाटली, पण आमच्या जातीला सहजी मरताही येत नाही. आता कुणी पाला मागायला आलं, की काका आधी विचारतात, "पडलात का कुठे?" आणि मग आपली चूक सांगतात, काही न लपवता. लोक खाली बघत ऐकतात. मीही ऐकते.

म्हणून विनवते. सांधे धरले असतील तर खुशाल या, हवा तेवढा पाला न्या. पण पडला असाल, तर माझ्या भरवशावर राहू नका. आधी दवाखाना गाठा. मी कुठे जाते? इथेच आहे.