डबल स्टँडवर

नवऱ्याची मोटरसायकल म्हणजे माझी सवतच, असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आलेय, आणि त्या रविवारी ह्याच सवतीला न्हाऊमाखू घालायची पाळी माझ्यावर आली. डॅनी नोकरीसाठी कतारला जाऊन महिना होत आला होता. मी चर्चहून येऊन चपला काढतेय तोवर त्याचा व्हिडिओ कॉल. "शॅरन, राजूरची हवा ओली. गाडी नुसतीच उभी राहिली तर गंजून जाईल बघ. मी सांगतो तसं कर."

सांगायला ह्याचं काय जातंय! पण मोबाईल खिडकीत टेकवला, ओढणी कमरेला बांधली आणि पडवीत डबल स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

"आधी टाकीतलं पेट्रोल काढ. राहिलं की त्याचा चिकटा होतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. नाताळला तो घरी येणार, ह्या एका भरवशावर मी त्याला जाऊ दिलं होतं. "नाताळ काय लांब आहे? तेवढ्यासाठी टाकी कशाला रिकामी करायची?"

"केलेलं बरं," तो म्हणाला, आणि त्याचं असलं 'बरं' मला चांगलं ओळखू येतं.

टाकीचं झाकण उघडलं तर आत ठणठणीत कोरडं. "काढूनच तर गेलायस की!"

"छे गं. जायच्या आदल्या दिवशी भरून आणलीय."

बरं, म्हटलं, चोरलं असेल कुणी. मग त्याने बॅटरी काढायला सांगितलं. बॅटरी जागेवर नव्हतीच. फळीवर, पुसून, टोकांना व्हॅसलीन लावून व्यवस्थित ठेवलेली होती. असा कसा हा चोर, जो पेट्रोल नेतो आणि बॅटरीला व्हॅसलीन लावतो? प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडायचं होतं, तर प्लगच्या आट्यांना ताजं ऑइल. भीती वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला नुसती उत्सुकता चढत होती, परीक्षेचा पेपर आधीच सोडवलेला हाती यावा तशी.

"थांब, पुढचं मीच सांगते," मी म्हटलं. "सायलेन्सरच्या तोंडात बोळा. उंदीर शिरू नयेत म्हणून."

"बरोब्बर!"

बोळा होता. बाहेर ओढून उलगडला तर निळ्या चौकडीच्या शर्टाची बाही. तो शर्ट मी स्वतः इस्त्री करून डॅनीच्या बॅगेत भरला होता.

"डॅनी, तुझा चौकडीचा शर्ट कुठंय?"

"हा काय, अंगात." आणि खरंच होता. स्क्रीनवर त्याचा चेहरा आणि खांदे तेवढे दिसत होते. मला त्याचे हात बघायचे होते, पण 'हात दाखव' म्हणायला जीभ रेटेना.

माझ्या सासूबाई, हन्नाआई, गुडघ्यांमुळे चर्चला आल्या नव्हत्या. उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. आईंची नजर सुपातला खडा टिपणारी आणि डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा ताळ्यावर.

"आई, गाडीला कुणी हात लावला?"

"कोन लावनार? डॅनीच बसला हुता की सकाळी. तू चर्चला गेल्तीस तवा." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "लई मन लावून करत हुता."

"तुमच्याशी बोलला?"

"समदं झाल्यावर उठला, हात पुसले, नि म्हनला, आई, जातो. म्या म्हनलं, येड्या, जातो म्हनू न्हाई, येतो म्हनावं. तर नुसता हसला."

मी खिडकीपाशी गेले. डॅनीने सगळं ऐकलं होतं.

"डॅनी," मी म्हटलं, "येतो म्हण."

तो नुसता हसला.