एकोणतीस सत्ते

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. चांदूर बाजारापासून तीन कोसांवरच्या त्या गावात तर लोकांना काय करू आणि काय नको असं होऊन गेलं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी एका डोक्यासाठी तीन फेटे आणले. बदलला नाही तो एकच माणूस, भगवंतराव पंतोजी. देवळाच्या ओसरीवर बसून ते चाळीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेत होते, आणि त्याआधी त्यांचे वडील घेत होते.

अशात सरकारी शाळेचा हुकूम आला. ज्याला गणित शिकवायचं असेल त्यानं अकोल्याला येऊन परीक्षा द्यावी आणि सनद न्यावी. सनद नसेल त्यानं ओसरी खाली करावी. भगवंतराव साठीला टेकलेले. परीक्षा घेण्यात त्यांचा जन्म गेला होता, देण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे झोपेतून उठवून विचारलं तरी ते धडाधडा म्हणत. तरीही त्यांनी अभ्यास आरंभला आणि बायकोचं, तानुबाईचं, जिणं हराम केलं. भाकरी किती वाढू म्हटलं की ते औट म्हणत, आणि तिनं खरंच साडेतीन वाढल्या की रागावत.

हुकुमासोबत एक छापील चोपडं आलं होतं. प्रत्येक उत्तराचा ताळा करावा, म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या वाटेनं काढून पडताळावं, असं त्यात लिहिलं होतं. भगवंतरावांना हसू आलं. पाढ्याचा ताळा करणं म्हणजे गंगेचं पाणी गाळून पिणं. पण सरकारच्या मनात आलं तर करा बापडे! सरकीला त्या दिवसांत तोटा नव्हता, अंगणात ढीग पडलेले असत. भगवंतराव उत्तर सांगत आणि तानुबाई तितके दाणे मांडून मोजत असे.

दोन दिवस सगळे ताळे जुळले. तिसऱ्या दिवशी एकोणतिसाचा पाढा निघाला.

"एकोणतीस सत्ते दोनशे चार," भगवंतराव म्हणाले. तानुबाईनं सात-सात दाण्यांचे एकोणतीस ढिगले मांडले, मोजले आणि दोनशे तीन म्हणाली. एक दाणा कोंबडीनं खाल्ला, असा निकाल भगवंतरावांनी दिला. कोंबडी डालग्याखाली गेली. पुन्हा मोजले, दोनशे तीन. मग तानुबाईच्या लुगड्याचा ओचा झटकून झाला, त्यातूनही काही पडलं नाही. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतः मोजले. दोनशे तीनच. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की अठ्ठावीस सत्ते एकशे शहाण्णव, त्यात सात मिळवले तर दुसरं काय होणार? चाळीस वर्षांत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता, कारण पाढा म्हणायचा असतो, त्यात विचार करायचा नसतो.

गावाचं यावाचून काही अडलंही नव्हतं. देणारा आणि घेणारा दोघेही दोनशे चारच म्हणत. गेल्या दिवाळीत तेवढा अमरावतीचा एक व्यापारी आला होता. एकोणतीस गाड्या, गाडीत सात गठ्ठे, म्हणून त्यानं दोनशे तीन मोजले. एक गठ्ठा लपवतो म्हणून गावानं त्याला वेशीपर्यंत पिटाळलं. साक्षीला भगवंतरावच होते. त्यांनी भर चावडीवर आख्खा पाढा म्हणून दाखवला होता. ते आठवलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तानुबाईचं म्हणणं सरळ होतं. "सांगून टाका गावाले. एका दाण्याचा तर फरक आहे."

"फरक दाण्याचा नाही वं, माझ्या शब्दाचा आहे," भगवंतराव म्हणाले. "एक चुकलं म्हटलं की लोक सारंच चुकलं म्हणतीन."

त्यांनी मनाशी ठरवलं, अकोल्यात कुणी विचारलंच तर खरं सांगायचं आणि गावात तोंडाला कुलूप लावायचं. अकोल्यातली गोष्ट गावात सांगायला कोण जातंय!

पण गावचा पाटील खुशालराव हटून बसला. भगवंतरावांचाच विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, आणि चांदीच्या शेंब्या त्याच्याच बैलांच्या. आपला गुरू अकोल्याला जाणार तर आपल्या बैलांच्या दमणीतूनच जाणार, आणि साऱ्या वऱ्हाडासमोर सनद घेताना आपण डोळ्यांनी पाहणार. झालं! चार दिवसांचा रस्ता, आणि पाटलाला वाटभर एकच छंद, गुरुजींची उजळणी घेण्याचा. अमरावतीच्या परकोटाशी कापसाच्या गाड्यांनी वाट अडली तेव्हा तर अर्धा दिवस दुसरा उद्योग नव्हता. एकोणतिसाचा पाढा सत्त्यापाशी आला की भगवंतरावांना खोकला येई. इतक्यांदा आला, की पाटलानं अमरावतीत उतरून त्यांच्यासाठी ज्येष्ठमध घेतलं.

अकोल्यात कचेरीच्या पडवीला लागून परीक्षेची खोली होती. परीक्षक पुण्याकडचे, आवाज मऊ आणि प्रश्न तिखट. पाटील खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभा होता. भगवंतरावांनी त्रैराशिक सोडवलं, अपूर्णांकांची बेरीज केली, औटकी तर अशी म्हटली की शिपाई मान डोलवायला लागला. परीक्षक खूश झाले. एवढं झाल्यावर त्यांनी एक सोपा प्रश्न टाकला. एकोणतीस आठवड्यांचे दिवस किती?

खिडकीत पाटलाचा चेहरा नुसता फुलला होता. हे तर आपल्याला पाठ आहे, असं त्यावर लिहिलेलं दिसत होतं.

"दोनशे तीन," भगवंतराव हळूच म्हणाले.

"दोनशे चार, गुरुजी," खिडकीतून पाटील गरजला.

शिपाई धावला. बाहेरून कोण सांगतंय, म्हणून परीक्षक कडाडले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पंतोजींना नीट विचारलं, की तीन की चार, ते एकदा ठरवा. भगवंतरावांनी खिडकीकडे पाहिलं. आता काही बोललो नाही तर पाटील खोटा ठरेल, तोही आपल्यापायी, हे त्यांना सोसवेना.

"तीन," ते म्हणाले. "तो चार म्हणते, कारण मीच त्याले चार शिकवलं, साहेब. चाळीस वर्सं साऱ्या गावाले चार शिकवलं."

परीक्षकांनी लेखणी खाली ठेवली. "मग पंतोजी, तुम्हाला सनद कशासाठी हवी?"

"उरलेल्या पोरायले तीन शिकवायले."

परीक्षक बराच वेळ खाली बघत होते. खांदे तेवढे हलत होते. हसू आवरल्यावर त्यांनी सनदेवर सही केली.

परतीच्या वाटेवर पाटलानं मुर्तिजापूरपर्यंत एकही पाढा विचारला नाही. भगवंतरावांना वाटलं, सनद मिळाली खरी, पण गाव गेलं. मुर्तिजापूरच्या पुढे एका निंबाखाली पाटलानं दमणी थांबवली.

"मी सात वर्साचा होतो," तो म्हणाला. "घरी चिंचोके मोजले अन् ओसरीवर येऊन दोनशे तीन म्हणलो. तुमी सात छड्या मारल्या. परत्येक छडीले दोनशे चार म्हणायले लावलं."

भगवंतरावांनी खूप आठवून पाहिलं. आठवेना. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. ते खाली उतरले आणि त्यांनी हात पुढे केला. "मार," ते म्हणाले.

पाटलानं खरंच निंबाची फांदी मोडली, पानं ओरबाडली आणि उगारली. साठ वर्षांचा तो हात आपोआप मागे आला.

"हात मांगं घेतला की दोन," पाटील म्हणाला, आणि स्वतःच दचकला. हे वाक्यही त्याला याच माणसानं शिकवलं होतं. त्यानं फांदी रस्त्यात टाकून दिली आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

"त्या दिशी घरी जाऊन मायले सांगतलं, का मी बरोबर होतो," तो म्हणाला. "गुरुजीच्या चुका काढतं काय, म्हून तिनंबी मारलं. माय अजून जिती आहे, गुरुजी. गावाले मंग सांगा. पहिले तिले सांगा."