आतून लावायची कडी

मी कडी बोलतेय. न्हाणीघराच्या दाराची, आतल्या बाजूची, पितळेची. पत्र्याच्या कड्या वेगळ्या. त्या वर्षभरात वाकतात. मी वाकलेली नाही, तेव्हा बोलणार.

माझं सगळं जगणं दोन बोटांचं. दोन बोटं पुढे, चौकटीतल्या खोबणीत. दोन बोटं मागे. स्क्रूंनी छाती दाराला जखडलेली, त्यामुळे याहून जास्त हिंडणं नशिबात नाही. शाळा बघितली नाही. जे शिकले ते दाराला चिकटून शिकले, आणि माणूस बंद दाराआड जितका खरा असतो तितका दुसरीकडे कुठे नसतो.

मला आणलं म्हातारीनं. म्हातारी मी लाडानं म्हणते; दुसऱ्या कुणी तिला तोंडावर म्हणून बघावं. मला आणलं तेव्हा ती तरुण होती. सासरच्या जुन्या घरात न्हाणीला दार होतं, कडी नव्हती. आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून ती बादलीवर तांब्या आपटत अंघोळ करायची. तांब्या थांबला की कुणीतरी दार ढकललंच. पुढे स्वतःचं घर झालं. नवऱ्यानं रंग निवडला, फरशी निवडली. ही थेट हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि म्हणाली, पितळी दाखवा, आणि सरकवून दाखवा.

नवरा हसला. "आत काय तिजोरी आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं मला लावलं आणि स्टुलावर नुसती बसून राहिली. किती तरी वेळ पाणीसुद्धा घेतलं नाही. मग अंघोळ केली, ती बिनआवाजाची.

वर्षं गेली. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, सून आली, नात झाली. आणि माणसं फोन घेऊन आत यायला लागली.

मुलगा मला लावतो आणि पाय बधिर होईपर्यंत स्क्रीनवर अंगठा सरकवत बसतो. त्याचा अंगठा एका बैठकीत हिंडतो तेवढी मी जन्मात हिंडले नसेन, पण पोचत तोही कुठे नाही. नात आरशासमोर हसते, फोटो काढते, फोटो बघून चेहरा पाडते, आणि पुन्हा हसते. सून आत येते, फोनवर काहीतरी वाचते, नळ पूर्ण सोडते आणि रडते. नळाच्या आवाजात बाकी काही ऐकू जात नाही. मग तोंड धुवून, "हो हो, माझा आवाज येतोय ना सगळ्यांना?" असं मीटिंगच्या गोड आवाजात बोलत बाहेर पडते.

काय म्हणावं याला? एकांत हवा म्हणून दार लावायचं आणि खिशात अख्खं गाव घेऊन आत यायचं. दाराला कडी आहे, फोनला कुठे आहे?

म्हातारी तेवढी फोन बाहेर ठेवून येते. तो वाजतो. ती टाचा घासत राहते. "वाजू दे, दमेल आपोआप," म्हणते.

एक दिवस हेच अंगाशी आलं. घरात ती एकटी होती. मुलानं ऑफिसातून फोन केला, पुन्हा केला, करतच राहिला. त्याच्या ऑफिसातल्या एकाची आई बंद दाराआड पडून राहिली होती, ती थेट संध्याकाळी सापडली. तेव्हापासून या पोराला बंद दाराचीच धास्ती. धावत घरी आला, तर आई केस पुसत चहा पितेय. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. शर्ट घामानं चिकटला होता. खोटं कशाला बोलू, त्याची माया खरी होती. पण मायेला घाम फुटला की ती हातात स्क्रूड्रायव्हर घेते.

"आई, आत पडलीबिडलीस तर दार फोडावं लागेल."

"मग फोड. दार तुझं आहे. कडी माझी."

त्यानं स्क्रू काढले. मी ड्रॉवरमध्ये गेले, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. जन्मात पहिल्यांदा दारापासून सुटले, ती या कोठडीत पडायला. तिथून ऐकायची मी. म्हातारीच्या खोलीत कॅमेरा बसला, त्यात मुलाला ऑफिसातून आईचा पलंग दिसायचा. न्हाणीत पुन्हा बादलीवर तांब्या आपटायला लागला. एवढं आयुष्य काढून बाई पुन्हा तिथंच येऊन पोचली. मग तिनं वेगळाच मार्ग काढला. सगळे कामाला गेले की फोन उशीवर ठेवायचा आणि इमारतीखाली जाऊन बाकावर बसायचं. मुलाला कॅमेऱ्यात दिसायचा रिकामा पलंग.

एका सकाळी सून आणि नात गेल्यावर त्यानं ड्रॉवर उघडला. मला वाटलं, सुबुद्धी झाली. त्यानं मला घराच्या मुख्य दाराला लावलं. बाहेरून. "दुपारी येऊन जातो गं," असं बंद दाराला सांगितलं, मला सरकवलं आणि जिना उतरून गेला.

मी मोकळ्या हवेत आले. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, वारा लागत होता. आणि आत ती. तेच पितळ, तीच दोन बोटं. आतून लावली तर एकांत, बाहेरून लावली तर कोंडवाडा.

चपला घालून ती दाराशी आली. मूठ फिरवली, ढकललं. पुन्हा ढकललं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती दारावर तळहात टेकून उभी राहिली. लाकडातून तो हात मला कळत होता आणि मला आपणहून तसूभरही सरकता येत नव्हतं.

तेवढ्यात पार्सलवाला आला. चांगला पोक्त माणूस. बेल वाजवली.

"अहो भाऊ, बाहेरून कडी लागलीय का?"

"हो आजी."

"पितळी?"

"पितळीच दिसतेय."

मग म्हणाली, "सरकवा. माझीच आहे ती."

त्यानं डोकं खाजवलं. कुणी लावली, का लावली, उद्या काही झालं तर माझ्यावर यायचं, असं काहीबाही पुटपुटला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पार्सल उंबऱ्याशी ठेवलं, पोचवल्याचा पुरावा म्हणून फोटो काढला आणि सॉरी आजी म्हणत उतरला.

पार्सल सुनेचं होतं, म्हणून फोटो तिच्या फोनवर गेला. ती भर दुपारी धापा टाकत जिना चढून आली. दोन बोटांनी मला एका झटक्यात मागे सरकवलं. ती बोटं माझ्या चांगली ओळखीची.

दारासमोर खुर्ची टाकून म्हातारी बसली होती. पायात चपला, मांडीवर स्क्रूड्रायव्हर.

"तुला माहीत होतं?"

"नाही, आई. पार्सलचा फोटो आला. मला पार्सल दिसलंच नाही. कडी दिसली."

म्हातारीनं तिच्याकडे बघून घेतलं. "मग धर इकडून."

दोघींनी मला न्हाणीच्या दारावर परत बसवलं. जुनी भोकं सैल झाली होती. म्हातारीनं काडेपेटीतल्या काड्या मोडून त्यात ठासल्या आणि वर स्क्रू पिळले.

"पहिली तू जा," ती सुनेला म्हणाली. "फोन इकडे दे."

सुनेनं दिला. आत आली, मला लावलं, आणि सवयीनं हात नळाकडे गेला.

दाराबाहेरून आवाज आला, "नळ सोडू नकोस. पाणी वाया जातं. रडायचं तर तसंच रड."

संध्याकाळी मुलगा आला. सुनेनं पार्सलचा फोटो त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, आई, मला भीती वाटते गं. म्हातारी म्हणाली, "भीती तुला वाटते आणि कोंडून मी घ्यायचं?"

आता ती आत असली की तो हळूच विचारतो, "बरी आहेस ना?" ती बादलीवर एकदा तांब्या वाजवते. पूर्वी कुणी आत येऊ नये म्हणून वाजवायची, आता कुणी घाबरू नये म्हणून. तेवढं तिनं त्याच्यासाठी मान्य केलंय. कॅमेरा अजून आहे, त्यावर ती टॉवेल वाळत घालते. मी काड्यांच्या आधारानं हलत-डुलत उभी आहे आणि स्क्रूड्रायव्हर घरातच आहे.

मला पुन्हा काढायचं तर काढा. भंगारात घाला, वितळवा, माझा तांब्या करा. पण घरातलं माणूस आत असताना मला बाहेरून लावू नका.