टेपचे पहिले दोन इंच

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांची स्कूटर बंद केली आणि आईच्या दुकानाचा प्रश्न उभा राहिला. दुकान म्हणजे बाजारामागच्या गल्लीतली एक खोली. दोन शिलाई मशिन, कापडं कापायचं टेबल आणि भिंतीभर टांगलेले शाळांचे गणवेश. बस तिकडे जात नाही, पायी जायला लांब पडतं. आजवर बाबाच सकाळी सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे.

"सायकल घेते मी," आईनं जाहीर केलं. "शिवणाच्या क्लासला सायकलनंच जायचे की."

"तेव्हा तू वीस वर्षांची होतीस," बाबा म्हणाले.

"मग काय झालं? सायकल काय वय विचारते?"

तरी तिनं एक अट घातली. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. अधांतरी लोंबकळायचं तिला जमणार नव्हतं. "एकदा जरी पडले, तरी दुकान बंद. मशिनं घरी आणायची आणि बसायचं खिडकीशी." हे ती हसत हसत म्हणाली, पण ते ऐकून बाबा उठून आत गेले. दुकान बंद पडलं तर ते आपल्या डोळ्यांमुळे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. आईनं पसंत केलेली हिरवी सायकल जवळच्या दुकानांत मिळत नव्हती, ऑनलाइनच मागवावी लागणार होती. फ्रेम दोन मापांत होती, लहान आणि मध्यम. खाली ठळक अक्षरांत सूचना होती : एकदा जोडलेली सायकल परत घेतली जाणार नाही.

"आई, उंची सांग."

"पाच फूट चार इंच. लग्न ठरवताना साऱ्या गावाला पाठ झाली होती. मुलगी मुलापेक्षा उंच म्हणून."

"म्हणून तर," बाबा सोफ्यावरून म्हणाले, "बायकोशी मान वर करून बोलणारा आमच्या घराण्यात मी एकटाच."

"आता पायाची आतली लांबी हवी."

"ती मी घेते. मापं घेण्यात जन्म गेला माझा, तू मध्ये पडू नकोस." आईनं टेप काढला, टाचेशी धरला, वर ओढला आणि आकडा सांगितला. मुलीनं दोन्ही आकडे भरले. उत्तर आलं, मध्यम. उंची तेच म्हणत होती आणि पायही तेच म्हणत होता. शंकेला जागाच नव्हती.

"आणि शंका असती तरी मोठंच घ्यावं," आई म्हणाली. "वाढत्या अंगाला बरं."

"आई, तू एकोणसाठची आहेस!"

आई स्वतःच हसत सुटली. पण मुलीचा हात थांबला. लहानपणी तिचा प्रत्येक फ्रॉक वाढत्या अंगाचा असायचा. तो अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विटलेला असायचा.

"आई, टेप परत धर बघू. मघाशी धरलास तसा."

आईनं धरला. टेपचं टोक टाचेशी नव्हतंच. पहिले दोन इंच तिच्या चिमटीच्या खाली जमिनीवर सुटे पडले होते. गणवेशांच्या पँटी मापताना ते दोन इंच न बोलता वाढवायची तिच्या हाताला सवय लागली होती. पोरं उंच होतात, मापात ती वाढ आधीच धरलेली बरी.

"मला कळलंसुद्धा नाही गं," आई टेपकडे बघत म्हणाली.

"पाय खोटा निघाला. आता उंचीही बघू."

"उंचीला काय धाड भरलीय?"

तरी ती चपला काढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मुलीनं आधी एक जाड पुस्तक पायांमध्ये वरपर्यंत घट्ट दाबायला लावून पायाचं माप घेतलं. ("हे असलं माप गिऱ्हाइकाचं घेतलं असतं तर मार खाल्ला असता मी!") मग तेच पुस्तक डोक्यावर आडवं धरून भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. टेप या वेळी टोकापासून लावला.

पाच फूट अडीच.

आईनं परत मोजायला लावलं. आकडा तोच आला. ती खाली वाकून चपला घालायला लागली, आणि एक चप्पल पायात जाता जाईना. सगळ्यांच्या मापांचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा. फक्त स्वतःचं माप एवढ्या वर्षांत कधी बदललं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा उठले. चाचपडत भिंतीपाशी आले आणि रेघेशेजारी पाठ टेकवून उभे राहिले.

"माझीही मार रेघ."

"बाबा, तुम्हाला कुठं सायकल घ्यायचीय?"

"मार म्हटलं ना."

मुलीनं रेघ मारली. बाबांची रेघ आईच्या रेघेच्या बोटभर खाली आली. बाबांनी डोळे भिंतीजवळ नेले, दिसेना म्हणून बोटानं चाचपलं.

"कोण वर?"

"आई."

"किती?"

"बोटभर."

"म्हणजे लग्नात होतं तेवढंच," बाबा म्हणाले. "हिशेब चोख आहे. आपण बरोबरीनं घटलो, बाईसाहेब. मान अजून वरच करावी लागणार."

"गप्प बसा," आई म्हणाली, पण चप्पल पायात गेली. मग मुलीकडे वळून तिनं दुकानात म्हणते त्याच आवाजात सांगितलं, "लहान माप लिही. अंगाबरोबर. एक सूतही सोडू नकोस."

सायकल आली, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं जोडून दिली, सीट पार खाली घेतली. सकाळची गल्ली मोकळी होती. बाबांनी कॅरिअर धरलं.

"सोडा हो, मागून ओढ लागते."

त्यांनी सोडलं. सायकल थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे, मग सरळ झाली. बाबांना पुढं फक्त हिरवा ठिपका दिसत होता, मग तोही दिसेना. गल्लीच्या टोकाला एक टेम्पो मागं मागं येऊ लागला. त्याचा पीप पीप आवाज बाबांना ऐकू आला आणि त्यांनी मुलीचं मनगट पकडलं. ब्रेक करकरला.

"टेकले का?"

"टेकले, बाबा."

"दोन्ही?"

"दोन्ही. टाचांसकट."