सतरावी सूचना

सतराव्या सूचनेवर पट्टी ठेवून चौकशी खिडकीवरच्या बाईंनी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली. एका रेघेने समाधान होईना म्हणून दुसरी मारली, आणि मग अठरापासून पुढचे आकडे एकेकाने कमी करत बसल्या. पुस्तिकेची नवी आवृत्ती उद्या छापायला जायची होती.

परगावाहून या शहरात येणाऱ्यांसाठीची ती बत्तीस पानी पुस्तिका अकरा वर्षं स्टेशनाबाहेरच्या या खिडकीवर फुकट मिळत होती. पहिल्या पानावर कार्यालयाच्या साहेबांचा फोटो असला, तरी आतली ओळ न् ओळ बाईंची होती. माणसं फसून, चुकून, रडकुंडीला येऊन खिडकीशी यायची आणि बाई त्यांच्या फजितीतून एकेक सूचना लिहायच्या. टॅक्सीत बसण्याआधी मीटर पाहा. गर्दीत पिशवी पाठीवर नको, पोटाशी धरा. तुमचं हॉटेल बंद पडलंय असं कोणी आपणहून सांगितलं, तर हसा आणि पुढे चला. सतरावी सूचना रस्ता ओलांडण्याची होती. वाहनं थांबण्याची वाट पाहू नका, मोकळी जागा दिसली की चारचौघांबरोबर एका चालीने निघा. मध्ये थांबू नका, मागे वळू नका.

तीन दिवसांपूर्वी समोरच्याच रस्त्यावर परगावची एक बाई बसखाली गेली. शेजारच्या खिडकीवरच्या कारकुनाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो कधी बंद पडत नसे. त्याने बातमी आणली आणि वर जोडलं, की तिच्या हातात आपली पुस्तिका होती. मग मात्र तो दिवसभर गप्प राहिला. साहेबांनी बाईंना आत बोलावलं. सतरावी सूचना काढून टाका, कोणी विचारलंच तर कोणी लिहिली ते ठाऊक नाही म्हणा, असं बजावलं. तक्रार आली आणि तुमचं नाव निघालं, तर मी मध्ये पडणार नाही, हेही सांगून टाकलं. तेव्हापासून बाईंना झोप नव्हती. माणूस मेलं होतं, आणि मरताना त्याच्या हातात आपलं वाक्य होतं.

साडेतीनच्या सुमाराला रांग सरत आली. शेवटी एक साठीचे गृहस्थ उरले. त्यांनी पुस्तिका खिडकीच्या फळीवर ठेवली. तिचं कव्हर फाटलं होतं आणि पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

"ही तुमच्याकडचीच ना, ताई?"

बाईंनी बाजूचं दार उघडून त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. गृहस्थ पाणी प्यायले नाहीत. सदऱ्याची खालची शिवण ते दोन बोटांत धरून दाबत राहिले.

आपण शिंपी आहोत, इतकं सांगून ते बोलायला लागले. शहर बघायला जाऊ, जाऊ म्हणता म्हणता बत्तीस वर्षं गेली. कधी लग्नसराईचे कपडे, कधी मुलीची परीक्षा. शेवटी बायकोनेच तिकिटं काढली. आल्या दिवशी तिने ही पुस्तिका घेतली आणि रात्री दोनदा वाचली. सकाळी चहा पिताना ती मोठ्याने वाचून दाखवत होती, तेव्हा ते पेपरात डोकं घालून बसले होते. सतरावी सूचना आली, तसे म्हणाले होते, साठ वर्षं रस्ते ओलांडतोय, आता मला तू शिकव. ती हसली होती. तासाभराने दोघं हात धरून समोरच्या रस्त्यावर उतरले. अर्ध्यात बसचा भोंगा वाजला आणि त्यांचे पाय जागीच खिळले. हात कधी सुटला ते कळलंच नाही.

"ती पोचली होती, ताई. फुटपाथ एका पावलावर होता. मी दिसलो नाही म्हणून मागे वळली."

रेडिओने आपल्या खिडकीची काच हळूच लावून घेतली.

"उद्या मुलगी यायचीय मला न्यायला," शिंपीकाका म्हणाले. "ती विचारेल, काय झालं. मला एवढंच सांगा, यात लिहिलंय ते बरोबर आहे ना? मी थांबलो नसतो तर ती वाचली असती ना?"

बाईंच्या उरावरचा धोंडा त्या क्षणी उतरला. वाक्यात खोट नव्हती. अकरा वर्षं रोज दोनदा त्या स्वतः तशाच तो रस्ता ओलांडत होत्या. इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची त्यांना लाज वाटली. नुसतं हो म्हणायचं होतं. साहेब खूश झाले असते, नोकरी शाबूत राहिली असती, रात्री झोप लागली असती. आणि तो हो घेऊन हा माणूस उद्या मुलीबरोबर गावी गेला असता, उरलेला जन्म शिवणयंत्रापुढे बसला असता.

बाईंनी टेबलावरचं नव्या आवृत्तीचं कच्चं मुद्रित उचललं आणि काकांपुढे धरलं.

"नाही, काका. ते चुकीचं होतं. हे बघा, आजच काढून टाकलं."

काकांनी चष्मा लावला. खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवलं, बदललेले आकडे पाहिले.

"चुकीचं?"

"अंगावर गाडी आली की कोणीही थांबणार. थांबू नका म्हणून लिहायलाच नको होतं."

"कोणी लिहिलं?"

शेजारून रेडिओने नको म्हणून मान जोरजोरात हलवली. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"मी."

काकांची शिवण दाबणारी बोटं थांबली. मग ते खुर्चीत ताठ बसले आणि इतका वेळ भिजल्यासारखा असलेला त्यांचा चेहरा सुकून कठीण झाला.

"तिने अक्षर न् अक्षर पाळलं होतं हो," ते म्हणाले. "देवाचं असल्यासारखं वाचत होती. आणि तुम्ही इथे बसून मनाला येईल ते लिहिता?"

बाईंनी मुद्रित परत टेबलावर ठेवलं.

"मी सोडणार नाही. तक्रार करीन. मुलीलाही सांगेन कोणामुळे झालं ते."

"सांगा."

"कुठे करायची तक्रार?"

बाईंनी कोरा कागद ओढला. वर स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली पुस्तिकेचं नाव, पान, सूचनेचा आकडा. मग रोज शंभर जणांना सांगत तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की जिना चढून उजवीकडचं तिसरं दार. अर्ज दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका, इथे कागद गहाळ होतात. साहेब स्वतः भेटून समजूत घालायला आले तर ऐकू नका.

काका लक्ष देऊन ऐकत होते. कागदाची घडी खिशात घालून ते उठले. दारापर्यंत जाताना त्यांची चाल आल्यापेक्षा बरी होती.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका," त्यांनी हाक मारली, "ते दार चारला बंद होतं. आत्ताच जा."