आंघोळीचा शेवटचा नंबर

त्या घरात आंघोळीचे नंबर ठरलेले होते. आधी आजोबा, मग आजी, मग मुलगा, मग सून आणि सगळ्यांत शेवटी शाळकरी नात. मध्ये खंड पडायचा नाही. एक बाहेर आला की दुसरा आत, आणि भिंतीवरचा गॅस गीझर धडधडतोच आहे. खंड पडला की बाथरूमची ऊब जाते, असा आजोबांचा सिद्धांत होता.

आजोबांनी उभा जन्म टपाल कचेरीत शिक्के मारले, पण बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत. पंखा असो की इस्त्री, उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. गीझर तर त्यांच्या डोळ्यांत सलत होता. ऐन आंघोळीत तो विझायचा. आतली हवा बिघडली की ज्योत बंद करणारा सेन्सर त्यात होता.

“माझ्या घरात माझी आंघोळ कधी आटपायची, ते हा डबा ठरवणार?” असं म्हणून त्यांनी सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून टाकल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. गार वारा नको म्हणून खिडकीच्या फटींत पुठ्ठेही ठोकले. गीझर विझायचा थांबला. घरानं आजोबांचं कौतुक केलं. वाचकहो, आपणही केलं असतं!

मग नातीचं डोकं दुखू लागलं. आंघोळ झाली की हमखास.

“खायला नको काही, नुसता मोबाइल!” आजोबांचं निदान तयारच होतं.

एका सकाळी बाथरूममधलं तिचं गाणं मध्येच थांबलं. डबे भरणारी सून दाराकडे धावली. आतून कडी कशीबशी सरकली आणि पोर तिच्या अंगावर कोसळली.

“आई, पाय उचलत नाहीयेत गं,” ती पुटपुटली.

सुनेनं तिला आधी मोकळ्या हवेत नेलं आणि तिथून तडक दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न होता, “गीझर बाथरूमच्या आत आहे?” पोरीला ऑक्सिजन लावल्यावर त्या म्हणाल्या, “कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी वायू तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला ओरडायचीही शुद्ध राहत नाही. आज ती कडी निघाली नसती तर...”

पोर धडधाकट घरी आली. सून मात्र चप्पल न काढताच गॅलरीत गेली, गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि पर्समध्ये टाकला.

“हे काय चालवलंयस?” आजोबा.

“हा गीझर बंद, बाबा. आजपासून.”

“एक चक्कर काय आली, लगेच राईचा पर्वत! आम्हीही तिथंच आंघोळ करतो. मला काय झालं?”

“तुमचा नंबर पहिला असतो. पाचव्या नंबरापर्यंत सगळं विष आत साठलेलं असतं.”

“अगं, बाबांशी जरा हळू बोल,” नवरा मध्ये पडला.

“हळूच बोलत आले आजवर! गीझर विझत होता तो खोड्या काढायला नाही. तो आपल्याला वाचवत होता आणि आपण त्याचंच तोंड बांधलं.”

“माझं काम कधी चुकत नाही!” आजोबा गरजले.

सुनेनं पर्समधून रेग्युलेटर काढून त्यांच्यापुढे धरला. “मग घ्या. लावा. पण उद्यापासून शेवटचा नंबर तुमचा. पुठ्ठे तसेच, आतून कडी लावून. आहे तयारी?”

आजोबांचा हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी स्वतःही पाहिलं.

“धजत नाही ना हात? तिथंच आपण रोज माझ्या पोरीला पाठवत होतो! मीसुद्धा!” सुनेचा आवाज फाटला.

आजी उठल्या. “पर्समध्येच ठेव गं तो. मी गार पाणी अंगावर घेईन, पण त्या डब्याखाली आता कुणी जायचं नाही.”

आजोबा बाथरूममध्ये गेले. पुठ्ठे टराटरा फाटल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“कंपनीच्या माणसाला बोलाव,” ते सुनेला म्हणाले. “नवा घेऊ, आणि तो बाहेर गॅलरीत लावू. मी हात लावणार नाही.”

इंजिनिअरच्या तोंडून असं वाक्य त्या घरानं पहिल्यांदाच ऐकलं!

वाचकहो, यंत्र आपोआप बंद पडतं तेव्हा कुणीतरी आपल्या जिवाची काळजी आधीच करून ठेवलेली असते. तिला अडचण समजून वायरी जोडू नका, खिडक्या बुजवू नका. आणि घरातलं वडीलधारं माणूस तसं करत असेल, तर मान राखा, पण रेग्युलेटर काढून घ्या!

त्या घरात आता पहिला नंबर नातीचा आहे. शेवटचा आजोबांनी मागून घेतला. नवा गीझर फार वेळ चालला की आपोआप बंद होतो. मग तोंडाला साबण लावलेले आजोबा आतून ओरडतात, “विझला! शाबास रे पठ्ठ्या!”